चिचुंद्रीचा डाव

"गेंडा होताच, वर अस्वलही मांडलंस? अगं वेडाबाई," आपण पंच आहोत हे विसरून दुकानदारकाका बोलून गेले, आणि जीभ चावून पुन्हा खोक्यावर टेकले.

धाकटीनं मान वर केली नाही. केली असती तर हसू फुटलं असतं.

टेबलापलीकडे तिचा दादा खुर्चीत ऐसपैस रेलला. कार्डांच्या दुकानामागच्या या खोलीतून मोठ्या स्पर्धेला दरवर्षी एकच जण जायचा, आणि तो एकजण दरवर्षी दादाच असायचा. धाकटी बरोबर जायची ती टाळ्या वाजवायला. यंदा शेवटच्या डावाला त्याच्यासमोर तीच बसली होती, आणि तिला टाळ्या वाजवायच्या नव्हत्या.

दादाच्या हातात एकच कार्ड उरलं होतं. कोणतं, ते भिंतींनाही ठाऊक होतं. वणवा. त्याच्या पाळीला तो वणवा टेबलावर आला की समोरच्याचे सगळे प्राणी जळून खाक. खरं तर मागच्याच पाळीला, एकटा गेंडा असताना, त्याला तो टाकता आला असता. पण दादाचं थोडक्यात कधी भागत नसे. समोरच्यानं होतं नव्हतं ते मांडावं आणि मग एकदाच काडी लावावी, ही त्याची रीत. बाकीची कार्डं तो भराभर उधळायचा आणि हे एक उराशी धरून बसायचा.

"झालं ना? येऊ का मी?"

"थांब ना दादा. एक राहिलंय."

तिनं हातातलं शेवटचं कार्ड अलगद खाली ठेवलं. चिचुंद्री.

मागे कुणीतरी फिसकन हसलं. दादाही हसला. हसणारच. फुंकर मारली तरी मरेल असा हा प्राणी. गुण काय ते दोनच. आल्या आल्या धावते, आणि खेळाडूपर्यंत पोचली तर त्याच्या हातातलं एक कार्ड, न बघता ओढून, बाद करते. म्हणून सगळे तिला डावाच्या सुरुवातीलाच सोडून द्यायचे. तेव्हा समोरच्याच्या हातात पंख्यासारखी पसरलेली कार्डं, त्यातून निघायचं काहीतरी फालतू, आणि पुढच्याच पाळीला चिचुंद्री चिरडलेली. मग ती डब्याच्या तळाशी जायची ती कायमची.

धाकटीनं तिला अख्खा डाव हातात दाबून ठेवलं होतं. समोर एकच कार्ड उरलं की न बघता ओढलं काय नि बघून ओढलं काय.

"चिचुंद्री धावते," ती म्हणाली. आवाज जरा चिरकलाच. "अडवतोस?"

"ह्या किडुकमिडुकाला..." दादाचा हात कासवाकडे गेला. तोच त्याचा उरलेला राखणदार, एका पाळीत एकदाच अडवणारा. हात मध्येच थांबला. नजर गेंड्यावर गेली. गेंडा मागच्या पाळीचा, म्हणजे आता धावायला मोकळा, आणि दादाचा जीव अशा मोठ्या प्राण्याच्या एका धडकेपुरताच शिल्लक. कासव चिचुंद्रीवर घालवलं तर गेंडा आत. गेंड्यासाठी राखलं तर चिचुंद्री आत.

त्याचं हसू उतरायला एक क्षण लागला. काका खोक्यावरून उठून जवळ आले.

"हे कधी ठरवलंस गं तू?" दादानं विचारलं.

"अडवतोस का ते सांग ना आधी."

"नाही अडवत."

तिनं हात पुढे करून त्याच्या बोटांतलं कार्ड ओढलं. ते सहजासहजी सुटलं नाही. वणवा बाद कार्डांच्या ढिगावर उताणा पडला. मागोमाग गेंडा धावला, कासव मध्ये पडलं आणि मेलं.

"आता ये तू," धाकटी म्हणाली.

दादानं गड्डीतून नवं कार्ड घेतलं, पाहिलं, मांडलं. दुसरं कासव. चांगलं दणकट. पण कासव अडवणार एकालाच, आणि समोर आता गेंडाही मोकळा होता नि अस्वलही. हे तिच्याआधी त्याच्याच लक्षात आलं.

"आटप लवकर," तो म्हणाला.

गेंडा धावला. कासवानं अडवलं. मग अस्वल धावलं, आणि अडवायला कुणीच नव्हतं.

काकांनी टेबलावर अशी थाप मारली की दोन्ही गड्ड्या जमिनीवर सांडल्या. धाकटी खुर्चीवर उभी होती, कधी चढली तिलाच कळलं नाही. सगळे एकदम बोलत होते. चिचुंद्री या हातातून त्या हातात फिरत होती आणि जो तो तिला पहिल्यांदाच पाहिल्यासारखा पाहत होता.

दादा तेवढा बसून होता.

"ए, खाली उतर. ऐक," तो म्हणाला. "तिकडे, मोठ्या स्पर्धेत, पहिल्या डावाला हात थरथरतात. फार. कुणाला दिसू द्यायचे नाहीत. टेबलाखाली घ्यायचे."

"तुझे थरथरायचे?"

दादाचे दोन्ही हात टेबलाखाली होते.