पहिला घोट

सौंसरजवळच्या एका खासगी कॉलेजात प्राचार्यांनी सभेत जाहीर केलं, "उद्यापासून कॅन्टीनमध्ये बाटलीचं पाणी मिळणार नाही. प्लास्टिक टाळा, कूलरचं पाणी प्या." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मृणालनं वाजवल्या नाहीत. तिची मैत्रीण पूजा काविळीनं नागपूरच्या दवाखान्यात होती. कॉलेजनं गुपचुपच्या, म्हणजे पाणीपुरीच्या, गाडीवर खापर फोडलं होतं, पण मृणालला संशय कूलरच्या पाण्याचाच होता. तिनं तिथूनच ग्लास भरून आणला आणि प्राचार्यांसमोर ठेवला. "सर, पहिले तुम्ही प्या ना." "अगं, आत्ता तहान नाही." "एकच घोट, सर. पूजा रोज हेच पाणी पिऊन राहिली होती." प्राचार्यांनी ग्लास उचलला, हुंगला आणि परत ठेवला. "आज माझा उपास आहे." "उपासाला पाणी चालते, सर," मृणाल म्हणाली. मागची पोरं उठली आणि कूलरला पाणी येतं त्या गच्चीवरच्या टाकीची किल्ली मागू लागली.