स्पर्शकागदावरची सूचना

"पत्र हातात घेतलं आणि मला घाम फुटला," परीक्षक खोतसाहेब म्हणाले, "पण वायुगळतीच्या भीतीनं नव्हे, तुमच्या मार्कांच्या काळजीनं!"

वर्गात हशा पिकला. रेवती तांडेलचे कान तापले, कारण पत्र तिचंच होतं. स्पर्शकागदाची खोडच अशी, की लिहिणाऱ्याच्या मनात जे असेल ते वाचणाऱ्याच्या बोटांतून थेट काळजात उतरायचं. कारखान्यात सूचनापत्रं लिहिण्याची नोकरी हवी, तर ही परीक्षा द्यावीच लागे; आज लिहायची होती वायुगळतीची सूचना. रेवतीची दुसरी संधीही वाया गेली होती. आता तिसरी, शेवटची, आणि हातात जेमतेम दहा मिनिटं.

शिकवणाऱ्या घैसासबाई तिच्या बाकाशी वाकल्या. "अगं, कीर्तनाला उभे राहिलेले बुवा आधी श्रोत्यांना नमस्कार करतात, कारण समोर देव बसलेला असतो. तुझ्यासमोर कोण बसलंय?"

"खोतसाहेब," रेवती पुटपुटली.

"तिथंच तर चुकतंय, बाळा!"

रेवतीनं डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांपुढे कारखान्यातल्या टाकीच्या सावलीत एक कामगार डबा उघडून बसला होता, पहिला घास त्याच्या हातात होता. तिनं भराभर लिहिलं, 'दादा, टाकीतून विषारी वायू गळतोय. डबा तिथंच राहू द्या आणि आत्ताच्या आत्ता बाहेर पडा.'

खोतसाहेबांनी कागद उचलला. 'दादा' वाचून त्यांच्या कपाळाला आठी पडली. मार्क द्यायला त्यांनी पेन उघडलं, पण ते हातातून गळून पडलं. खुर्ची मागे सारून ते उठले आणि धावतच वर्गाबाहेर पडले.