तात्याचं नाक

आमच्या दूध डेअरीत माझी बी.एस्सी. आणि टेस्टिंगचं मशीन एका बाजूला, अन् आठवी नापास तात्याचं नाक एका बाजूला. कॅनचं झाकण निघालं की तात्या वास घ्यायचा आणि म्हणायचा, "घे" नाहीतर "परत". साहेब तेवढंच मानायचे, मला कुत्रं विचारत नव्हतं. लय जळायचो मी. त्या जळण्यातूनच त्याच्यावर डोळा ठेवला, म्हणून मला एकट्यालाच दिसलं. गेल्या महिन्यातल्या तापानंतर तात्या वास घेतल्यासारखं करायचा, शेजारी उभ्या माझ्या तोंडाकडे बघायचा आणि मगच बोलायचा. माझं नाक आक्रसलं की "परत". म्हणजे त्याचं नाक गेलं होतं आणि त्याची नोकरी माझ्या नाकावर चालली होती. मी कुणाला बोललो नाही, कारण तो सगळ्यांसमोर तोंडावर पडलेला मला बघायचा होता. आज रहिमतपूरच्या गाडीतला एक कॅन उघडला आणि आंबूस भपकारा थेट माझ्यापर्यंत आला. मी तोंड कोरं ठेवलं. तात्या जरा जास्तच वेळ बघत राहिला, मग म्हणाला, "घे." तासाभरात सगळी टाकी नासल्याची बोंब उठली. तात्या माझ्याजवळ आला, खांद्यावर हात ठेवून हळू म्हणाला, "तुजं बी माज्यावानी नाक गेलं व्हय रं? भिऊ नगंस गड्या. तू नवा हाईस, तुला लगेच काढतील. सायबाला मी सांगतो, चूक माजी हाय." तो केबिनकडे निघाला. माझं तोंड अजून कोरंच होतं.