बिनधोक फवारा

लवॉनने उशीचा अभ्रा क्लिंटच्या टेबलावर ठेवला आणि गाठ सोडली. पुढे उभं असलेलं जोडपं थोडं बाजूला सरकलं. एरवी या हॉलमध्ये गुरांची प्रदर्शनं भरतात. आज सापांचा बाजार होता, अख्ख्या ओक्लाहोमातून माणसं आली होती, आणि अभ्र्यातून साप आणला म्हणून कुणी वळूनही बघत नव्हतं.

"अरे वा, बिस्किटला फिरायला आणलंस?" क्लिंट म्हणाला. त्याच्या गळ्यात त्याचा पांढरा अजगर होता. गिऱ्हाईक ओढायला नेहमी असतो.

लवॉनने बिस्किटला काढून टेबलावर उताणं ठेवलं. धडधाकट साप उताणा राहत नाही, लगेच पालथा होतो. साप घेताना सगळे आधी हेच बघतात. बिस्किट पालथा झाला नाही. मान वाकडी करून तो तसाच पडून राहिला, मधूनच अंगातून झटका जायचा.

त्याच्या खवल्यांत बारीक किडे झाले म्हणून तिने मागच्या बाजारात याच टेबलावरून फवाऱ्याची बाटली नेली होती. बाटलीवर नाव नाही, गाव नाही. फवारताना पाण्याचं भांडं बाहेर काढायचं का, सापाची पेटी आधी वाळू द्यायची का, हे तिने विचारलं होतं. काही गरज नाही, बिनधास्त मार, असं हाच क्लिंट म्हणाला होता. तिने मारलं, आणि बिस्किट तेच पाणी प्यायला.

आता क्लिंट म्हणत होता, जास्त मारलं असशील. थंडी लागली असेल. जुनं दुखणं असेल. आपल्या औषधाने आजवर एकही साप दगावला नाही, हे त्याने तिच्याकडे नाही, त्या जोडप्याकडे बघून सांगितलं. निर्लज्ज माणूस. जोडप्यातल्या बाईच्या हातात तसलीच बाटली होती.

"आत काय आहे तेवढं सांग," लवॉन म्हणाली. "जनावरांच्या डॉक्टरीणबाई खोळंबल्यात. ते कळल्याशिवाय उपाय करता येत नाही म्हणतात."

"ते माझं गुपित आहे, बाई. पण बिनधोक आहे. पाणीच समज."

लवॉनने त्या बाईच्या हातातून बाटली घेतली आणि तिचं तोंड पांढऱ्या अजगराकडे वळवलं.

"मग ह्याला जरा आंघोळ घालू."

क्लिंट हसला. तिचं बोट खटक्यावर गेलं. तसा त्याने झटकन अजगराच्या डोक्यावर तळहात ठेवला आणि दुसऱ्या हाताने तिचं मनगट धरलं.

"नको," तो हळूच म्हणाला. "गोठ्यातलं आहे ते. माश्यांवर मारायचं. मी नुसतं पाणी घालतो त्यात."

लवॉनने मनगट सोडवून घेतलं, डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि तो त्याच्या तोंडासमोर धरला.

"आता हेच मोठ्याने सांग."

क्लिंट सांगू लागला. अजगराच्या डोक्यावरचा हात त्याने अजून काढला नव्हता.