चंद्रीचा भागाकार

“कुणाचा विश्वास बसणार नाही, पण आमच्या चंद्री म्हशीला भागाकार यायचा!” झोपाळ्यावरून तात्यांनी बार उडवला.

नातीनं मान वर केली नाही. तिच्या आईचे वडील, अप्पा, राहायला आल्यापासून तिला त्यांचंच वेड. दोघं सतरंजीवर चिंचोक्यांच्या ओळी मांडून गुणाकार-भागाकार करत बसत. एरवी गोष्टीसाठी तात्यांच्या मांडीवरून न हलणारी पोर आता त्यांच्याकडे फिरकतही नव्हती. तात्यांच्या पोटात नुसतं दुखत होतं.

“दावणीला म्हशी सहा. गड्यानं टाकल्या कडब्याच्या बेचाळीस पेंढ्या. चंद्रीनं त्या शिंगानं ढकलत सगळ्यांना सारख्या वाटल्या!”

“शिंगानं?” नातीच्या हातातला चिंचोका हातातच राहिला.

“मग काय! प्रत्येकीला बरोब्बर आठ!” व्याह्यांकडे तिरका कटाक्ष टाकत तात्या म्हणाले.

नातीनं डोळे मिटले. ओठ हलले. अप्पांनी लगबगीनं चिंचोक्यांची वाटी पुढे सरकवली, पण ती उठली, धावत आली आणि तात्यांच्या मांडीवर धपकन बसली.

“थापा, तात्या! सहा साते बेचाळीस. तुमच्या चंद्रीला भागाकार येतच नव्हता!”