चौकटीच्या शर्टातला माणूस

“ह्येच,” सोनूबाई म्हणाल्या आणि त्यांनी पडद्यावर बोट टेकवलं. “ह्येच आमचं मालक.”

टॅब परबांच्या हातात होता. गेली नऊ वर्षं ते या माणसाचं नाव शोधत होते. ते असं कांदिवलीच्या एका खोलीत, पायांतल्या चपला काढेपर्यंत मिळेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

‘तेरा बिऱ्हाडं’ ही मालिका संपून वीस वर्षं झाली, पण तिचा कोश इंटरनेटवर अजून वाढतो आहे. तिच्या वेड्या चाहत्यांनीच तो रचला. कुठल्या भागात कुणाच्या दाराला कोणतं तोरण होतं, हेसुद्धा त्यात सापडतं. ग्रंथालयातून निवृत्त झालेले नाहूरचे सुबोध परब हे त्यातले सर्वांत चिवट संपादक. मालिकेतल्या गर्दीत एक माणूस असायचा. लग्नात मागे, मयतात मागे, पाण्याच्या रांगेत शेवटचा. अंगात कायम चौकटीचा शर्ट. तोंडी एकही वाक्य नाही. परबांनी त्याचे अडतीस भाग हुडकून त्याचं वेगळं पान केलं होतं. नावाच्या जागी मात्र ‘अज्ञात’.

“एकदा जेवायलाच बोलवा त्याला,” त्यांची बायको प्रेमा म्हणायची. “माझ्याकडे कधी इतकं बघितलं नाहीत.”

मागच्या आठवड्यात कोशावर निरोप आला. ‘हे माझे आजोबा. धोंडिराम सरवदे. नाव लिहाल का?’ निरोप सोनूबाईंच्या नातीचा, संघमित्राचा होता. पुराव्याशिवाय अक्षर लिहायचं नाही, हा कोशाचा नियम परबांनीच केलेला. म्हणून ते स्वतः आले. येताना रिक्षात दोनदा वाटलं, परत फिरावं. लोकांच्या घरी जाऊन पुरावे मागणारे आपण कोण?

“एखादा जुना फोटो असेल का?” त्यांनी चाचरत विचारलं. “जुळवून बघायला.”

“पेटीच ऱ्हायली न्हाई, सायेब. सव्वीस जुलैच्या पुरात गेली. फोटो, रेशनकार्ड, त्यांचं शूटिंगचं कार्ड, समदं.”

“म्हणून तर काका!” संघमित्रा म्हणाली. “लहानपणापासून नुसतं ऐकतेय, आजोबा टीव्हीत होते, टीव्हीत होते. कॉलेजात पोरं म्हणायची, फेकू नको. परवा तुमचं पान सापडलं. आजीला दाखवलं तर ती बघतच बसली. मग रडायलाच लागली.” तिने टॅब आपल्याकडे ओढला. “आजी, नाक बघ ना. माझंच आहे की नाही?”

“तुजंच हाय,” सोनूबाई म्हणाल्या.

परबांनी वही उघडली. कोशाला तारखा लागतात.

“धोंडिराम कधी गेले?”

“तीन साली. दिवाळीच्या आदी.”

“वर्ष नक्की?”

“एकदम नक्की,” संघमित्रा म्हणाली. “मी पोटात होते ना तेव्हा. माझा जन्म दोन हजार चारच्या फेब्रुवारीतला. आजोबांनी मला पाहिलं नाही, मी त्यांना नाही.”

परबांचं पेन थांबलं. दोन हजार चारच्या मार्चमध्ये मालिकेचा सेट मढच्या एका बंगल्यात हलला होता. नोंद त्यांचीच होती, दोनदा तपासलेली. आणि त्या बंगल्याच्या पायऱ्यांवर चौकटीचा शर्ट सहा भागांत उभा होता.

समोर ती मुलगी पडद्यावरचा चेहरा दोन बोटांनी मोठा करत होती, लहान करत होती, पुन्हा मोठा करत होती. म्हातारी बाई, इतकी वर्षं उलटलेली, डोळे अधू झाले असतील. झाली असेल चूक. पण सांगायचं कुणी? नऊ वर्षांत त्यांनी कोशात चुकीचा एक स्वल्पविराम राहू दिला नव्हता. दुसऱ्यांनी हौसेने केलेल्या नोंदी पुराव्याअभावी खोडताना त्यांचा हात कधी अडला नव्हता.

“काका, लिहिताय ना?”

परबांनी टॅब मांडीवर घेतला. ‘अज्ञात’ पुसलं. ‘धोंडिराम सरवदे’ लिहिलं. संदर्भाच्या रकान्यात ‘कुटुंबीयांकडून’ असं घातलं आणि नोंद जतन केली. एका भोळ्या बाईला आपण तिच्याच घरात बसून फसवलं, असं त्यांना वाटत राहिलं.

“झकास!” संघमित्रा उठलीच. “शकूमावशीला दाखवून येते. तीच जास्त हसायची.” टॅब छातीशी धरून ती शेजारी पळाली.

खोलीत दोघंच उरले. सोनूबाईंनी चहाचा कप त्यांच्यापुढे सरकवला.

“तुमी साल इचारलं, तवाच वळखलं म्या,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “तुमाला कळलं म्हून.”

परबांनी कप तसाच ठेवला. “म्हणजे, हे धोंडिराम नाहीत, हे तुम्हाला आधीपासून…”

“सत्तावीस वर्सं संसार केला त्यांच्यासंगं. त्यांचं त्वांड वळखनार न्हाई व्हय मी?” त्या दाराकडे बघत होत्या. शेजारून नातीचा आवाज येत होता, नाक बघ, मावशी, नाक बघ. “पर त्या मानसाला नाव न्हवतं, सायेब. अन् माज्या नातीच्या आज्याला चेहरा न्हवता. उद्या त्याच्या घरचं कुनी इचारत आलं, तर आमचं खोडा. मी काई म्हननार न्हाई.”