मास्तरांची डुलकी

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी बंद स्टेशनच्या छपराचा पहिला पत्रा खाली आला.

शेवटच्या स्टेशनमास्तरांची मुलगी फाटकापाशी उभी होती. इमारत पाडून तिथे स्टेशनच्या इतिहासाचा फलक लागणार होता. मजकूर तयार होता: 'मास्तर कामावर झोपल्याने दोन गाड्या एकाच रुळावर समोरासमोर आल्या. जीवितहानी टळली. महिन्याभरात स्टेशन बंद झाले.'

"बारापर्यंत साक्षीदाराची सही आणा, झोपेची ओळ काढतो," पाडकामावरचा अभियंता म्हणाला. "नंतर मजकूर छापायला गेला की गेला."

साक्षीदार एकच उरला होता, रूळ बदलणारा म्हातारा सांधेवाला. ती जवळजवळ पळतच त्याच्या दारात पोचली.

"काका, बाबा झोपले होते का?"

"बस आधी. केवढ्या धापा टाकतेयस!"

"बसायला वेळ नाही. अख्खं गाव मला पांढऱ्या पायाची म्हणतं. मी जन्मले त्याच सकाळी हे झालं. बाबा रात्रभर आईपाशी दवाखान्यात जागले, म्हणून त्यांना डुलकी लागली म्हणे."

"गावाचं काय घेऊन बसलीस! मास्तर शिष्ट, हाक मारली तरी वळत नाहीत, असंही म्हणायचे."

"मला ते आठवतच नाहीत. दीड वर्षाची होते, गेले तेव्हा. आईकडे विषय काढला की ती उठून जाते."

म्हातारा चुळबुळला. "तिला विचारून आलीस?"

"काका, सही करताय की नाही?"

त्याने कागद दोनदा वाचला. 'मास्तर झोपले नव्हते, हे मी शपथेवर सांगतो.' मग सावकाश सही केली.

तिच्या जिवात जीव आला. बाराला वीस मिनिटं होती. पायरी उतरता उतरता ती थांबली.

"मग चूक झाली कशी? गाडी सुटली की पुढचं स्टेशन घंटा देतं ना?"

"दिली की. तीनदा दिली."

"आणि बाबा?"

"घंटेसमोरच बसलेले. मी खिडकीतून पाहिलं, टक्क जागे होते."

"मग?"

म्हाताऱ्याने तिच्या हातातल्या कागदावरून नजर काढली.

"साहेबांना ऐकू येत नव्हतं, पोरी. नऊ वर्षं ती घंटा तुझी आई ऐकायची."